चुक्क

लेबलं मी रात्रीच छापते.
दिवसा शेजारचा माग चालू असतो, भिंत थरथरते,
प्रिंटर मधेच एखादी रेघ गाळतो.
साखर पेठेत अकरा वाजून गेले की
मोराच्या पिसाऱ्याला कुणी धक्का लावत नाही.

काय काय छापलंय आजवर:
साबुदाणा. आमसुलं. फक्त पाहुण्यांसाठी.
यमूल वहिनींच्या कपाटाला दोन खण,
"बिलं भरलेली" आणि "बिलं बघू".
बारशाच्या पेढ्यांवर हत्ती,
टॉवेलांच्या जोडीवर "सस्नेह भेट" आणि कडेनं वेल.
वेल घेतली अंगावरच्या चादरीच्या काठावरून,
चौकोन चौकोन मोजून,
दोनदा चुकून.

अव्वाला हा उद्योग पटत नाही.
"डबा उघडायचा, वास घ्यायचा. नाव कशाला?"
तीस वर्षं बिड्या वळल्या तिनं, मांडीवर सूप घेऊन.
अक्षर येत नाही,
पण कट्ट्यावरचा कागद सुतभर तिरका लागला
तर दारातून सांगते.
मी आमच्या फळीवर लेबलं लावली
तेव्हा आठवडाभर गप्प होती,
मग "जिरं" लिहिलेल्या बरणीत ओवा भरून मोकळी झाली.
मोर तिकडे शोभतो, म्हणाली.

परवा गाजुलांकडे वास्तुशांत.
पाहुण्यांना द्यायला एकशे दहा बरण्या,
आत शेंगांची चटणी, झाकणाला लोकरीचा गोंडा,
पोटावर माझं लेबल.
रात्री दीडला शेवटचं चिकटवलं, मागे सरून बघितलं,
आणि हातपाय गार पडले.

शेगा चटणी.
शेगा. शेगा. शेगा.
नक्षीदार फॉन्टनं अनुस्वार गिळला होता
एकशे दहा वेळा.
चिकट कागद संपलेला,
नवी पेठेतलं दुकान साडेदहाला उघडणार,
गाजुलांचा पोरगा आठला टेम्पो घेऊन दारात.

"चूक झाली गं," मी म्हणाले.
अंथरुणातून तिला ऐकू आलं, चुक्क.
आमच्या तेलुगूत चुक्क म्हणजे ठिपका,
पाण्याचा थेंबही,
गच्चीवरून दिसते ती चांदणीही.
"चुक्क? मग पेट्टू की."
लाव की मग. एवढंच.
आणि उठून केस बांधले.

काडेपेटीतली काडी घेतली, डोकं मोडलं.
वाटीत कुंकू, पाणी, डिंकाचा खडा.
"कुठं?"
रेघेच्या वर, मी दाखवलं,
या वाकड्या काडीच्या जरा उजवीकडे.
"एकच?"
एकच.
"बाकीच्यांना नको? बघ हं, पुन्हा उठणार नाही मी."

बरण्या तिनं पंचविसांनी मांडल्या,
चार कट्टे आणि वर दहा.
हात तोच, बिडीचं तोंड मुडपणारा,
नखाच्या टोकावर चालणारा.
टेकवायची, उचलायची. टेकवायची, उचलायची.
मी गोंडे सारखे करत बसले
कारण दुसरं काही करण्याजोगं नव्हतं.
तीन बरण्या तिनं काडी न लावताच बाजूला सारल्या.
"छाट," म्हणाली.
लेबलाखाली हवेचा फुगा राहिला होता.
ते लावलेलं माझं होतं.

सकाळी गाजुलांचा पोरगा म्हणाला,
"एकशे सातच?"
मग बरणी उजेडात धरून,
"हा लाल ठिपका कसा छापता, ताई?
हाताला लागतो."
मी म्हटलं, त्याचे वेगळे पडतात.
आत अव्वा खाकरली.

दुपारी चहा टाकताना फळीकडे लक्ष गेलं.
"जिरं" लिहिलेल्या बरणीवर,
मोराच्या डोळ्याच्या बरोबर वर,
एक लाल चुक्क.
ही कशासाठी, ते विचारलं नाही.
झाकण काढलं, वास घेतला.